तिसरी बोअर

शिमगा झाला की आमच्या जांबे गावाच्या रस्त्यावरून बोअरच्या गाड्या जायला लागतात. दोन ट्रक, एकामागे एक. पुढच्यावर आडवं झोपवलेलं यंत्र आणि मागच्यावर कॉम्प्रेसर, डिझेलचे ड्रम, लोखंडी रॉड आणि दोरीवर वाळत घातलेल्या लुंग्या. नंबर तमिळनाडूचा. हिंजवडीकडे निघालेल्या कंपन्यांच्या कॅब त्यांच्यामागे अडकतात, हॉर्न वाजवतात आणि शेवटी दमून गप्प होतात. यंदा मी सुट्टीवर आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी अशी एक गाडी गेली. मी चहाचा कप घेऊन बाल्कनीत धावलो आणि रॉड मोजायला लागलो.

"आलं वाटतं तुमचं माहेर," विद्या आतून म्हणाली. विद्या म्हणजे माझी बायको. हिंजवडीतल्या एका कंपनीत हिशेबाचं काम बघते, त्यामुळे मोजणारी माणसं तिला नवीन नाहीत. तिला नवल वाटतं ते मी काय मोजतो याचं.

मला खड्डा दिसला की वाकून बघायची खोड आहे. लहानपणी बार्शीला पाण्याच्या टाकीचा पाया खणत होते, तिथे मी शाळा बुडवून दिवसभर उभा होतो. पुढे त्या खोडीचाच धंदा झाला. १९९८ साली तेल काढणाऱ्या रिगवर शिकाऊ म्हणून लागलो. आधी गुजरात, मग राजस्थानचं वाळवंट, आणि अकरा वर्षांत हळूहळू रिग मॅनेजर. म्हणजे एका पोलादी मनोऱ्याचा, त्याच्या इंजिनांचा, साठ माणसांचा, त्यांच्या जेवणाचा, भांडणांचा आणि जमिनीखाली दीड-दोन मैल गेलेल्या एका भोकाचा धनी. अठ्ठावीस दिवस तिकडे, अठ्ठावीस दिवस घरी. घरी असलो की शेजारच्यांना वाटायचं, या माणसाला नोकरी नसावी.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात ते खरंच झालं. तेलाचे भाव कोसळले, कंत्राटं थांबली, आमची रिग सुटी करून यार्डात रचून ठेवली आणि आम्हाला घरी पाठवलं. त्याच उन्हाळ्यात मुळशीतल्या रिहे गावच्या शेवंताआत्या नावाच्या एका बाईच्या दोन बोअर कोरड्या गेल्या होत्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं तेव्हा कुणालाच वाटलं नसतं.

नोकरी शोधणं हा एक वेगळाच उत्खननाचा प्रकार आहे. मी आधी माझ्यासारखीच कामं शोधली. ती नव्हती, कारण माझ्यासारखे सगळेच घरी बसले होते. मग "संबंधित कामं" शोधायला लागलो. हा शब्द मला एका प्लेसमेंटवाल्या तरुणाने दिला. तो म्हणाला, सर, तुम्हाला काय काय येतं त्याची यादी करा, मग आपण संबंधित कामं बघू. मी मनापासून यादी केली. इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखता येतो. वादळ किती वेळात पोचेल याचा अंदाज येतो. आचारी रुसला तर समजूत काढता येते. जमिनीतून वर आलेल्या चिखलाला हात लावून खाली काय चाललंय ते थोडंफार कळतं. त्याने ती वाचली, सगळी खोडली आणि वर एकच शब्द लिहिला, ड्रिलिंग.

तो शब्द घेऊन मी हिंडलो. हिंजवडीत टॉवर उभे राहत होते आणि त्यांच्या पायासाठी जमिनीत खांब उतरवत होते. तिथे तासभर उभा राहिलो, मुकादमाशी बोललो, त्याने चहा पाजला आणि सांगितलं की काम सहा महिन्यांत संपतंय. एका मोठ्या काचेच्या इमारतीत अग्निसुरक्षा अधिकाऱ्याची जागा होती. मुलाखत घेणारी मुलगी भली होती. तिने विचारलं, आधीच्या कामात तुमच्या हाताखाली किती लोक होते? साठ, मी म्हणालो, आणि एक विहीर. ती हसली, मीही हसलो, पण मी ते गमतीने म्हटलं नव्हतं. त्या इमारतीतले जिने मोजून मी बाहेर आलो. तिथे आग लागण्याची शक्यता फारच कमी होती आणि मला त्याचं चक्क वाईट वाटलं. अशा माणसाला ती नोकरी मिळाली नाही हे ठीकच झालं.

आमचे घरमालक दत्तोबा. जमीन विकून त्यांनी जांब्यात खोल्या बांधल्या, वरच्या मजल्यावर आमच्यासारखे भाडेकरू ठेवले आणि खाली "बोअर मारून मिळेल" अशी पाटी लावली. गाड्या तमिळनाडूच्या, गिऱ्हाइकं मुळशीची, मधे दत्तोबा. एक दिवस जिन्यात मला अडवून म्हणाले, "सायेब, रोज फाइल घिऊन जाताय न् घिऊन येताय. काम तरी कसलं करता तुमी?"

"जमिनीला भोकं पाडतो."

"मंग आमी काय करतुया? चला की बरुबर. बसून बसून जंग धरंल."

मी गेलो. नोकरी म्हणून नाही, नुसतं बघायला. आणि पहिल्याच दिवशी असं रमलो की पंधरा दिवस त्या गाडीमागेच हिंडलो. घोटावडे, रिहे, पलीकडच्या वाड्या. डोंगर उन्हाने पिवळे पडलेले, करवंदीच्या जाळ्या, भाताची खाचरं भेगाळलेली. पावसाळ्यात या खोऱ्यात पाणी नको नको होतं आणि चैत्रात विहिरीच्या तळाला बेडूक दिसतात. सगळा पाऊस काळ्या कातळावरून वाहून जातो. थोडासा कुठल्या तरी फटीत शिरतो, आणि ती फट कुठे आहे याचा शोध म्हणजे हा धंदा.

तो शोध पाणाड्या घेतो. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो शेतातून चालतो आणि जिथे नारळ उभा राहील तिथे खुंटी ठोकतो. मी शिकलेला माणूस, हसू यायला हवं होतं. पण मला आमचे भूगर्भतज्ज्ञ आठवले. महिनोन् महिने नकाशे रंगवून ते खुंटी ठोकायचे, आम्ही दोन मैल खाली जायचो आणि बऱ्याचदा काही निघायचं नाही. मग ते चष्मा पुसत सांगायचे की माहिती फार मोलाची मिळाली. पाणाड्या निदान एवढं तरी म्हणत नाही. मी त्याच्या हातावरचा नारळ जवळून बघितला, माझ्या हातावरही ठेवून बघितला. माझा नारळ पडला.

यंत्र चालवणारा मुत्तू. चाळिशीचा, काळा तुकतुकीत, कपाळावर विभूती. हिंदी जेमतेम. आमच्याकडे खालून आलेला चुरा धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. मुत्तू तो चिमटीत घ्यायचा, तळहातावर चोळायचा आणि कधीकधी दाताखाली धरायचा. करडा चुरा आला की मान हलवायचा. लालसर आला की सावध व्हायचा, कारण दोन कातळांच्या मधे लाल मातीचा थर असतो आणि तो भिजला की फुगतो. मी रिगवरचा मोठा साहेब आहे असं दत्तोबांनी त्याला सांगून ठेवलं होतं. आमची रिग याच्या यंत्राच्या किती पट, हे त्याने मला विचारून घेतलं आणि तेव्हापासून माझ्याशी बोलताना लुंगी खाली सोडू लागला. खरं तर त्या पंधरा दिवसांत शिकत मीच होतो. पण कुणीतरी पुन्हा साहेब म्हणतंय याचं मला बरं वाटत होतं, हे कबूल करायला हवं.

शेवंताआत्या म्हणजे दत्तोबांची आत्या, त्यामुळे सगळ्यांचीच आत्या. साठीच्या पुढची बाई, सडसडीत. रिह्यात खालची जमीन फार्महाऊसवाल्यांना गेलेली आणि वरचे वीस गुंठे राहिलेले. त्या वीस गुंठ्यांत पावसाळ्यात इंद्रायणी भात आणि उन्हाळ्यात काही नाही, कारण विहीर आटते. त्यांचा मुलगा हिंजवडीत एका कंपनीच्या गेटवर होता. त्याचं म्हणणं, तेवढंही द्या आणि जांब्यात खोलीवर राहायला या. शेजारचा फार्महाऊसवाला कागद तयार ठेवूनच बसला होता. आत्यांनी मुलाला सांगितलं होतं की तीन बोअर मारीन, पाणी लागलं तर हितंच राहीन, न्हाई लागलं तर अंगठा दीन. दोन झाल्या होत्या. दोन्हीतून नुसता फुफाटा निघाला.

तिसऱ्या बोअरच्या दिवशी मी आधी जाऊन उभा होतो. मुत्तूने बिटला, म्हणजे कातळ फोडणाऱ्या टोकाला, हळदकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली, नारळ फोडला. हे मला पाठ होतं. आमच्याकडेही नवीन विहीर सुरू करताना असंच करतात, फक्त वर हेल्मेट असतं. आत्या बांधावर बसल्या होत्या. शेजारी पितळी ताटात कुंकू, ओटीचे तांदूळ आणि खण. पाणी लागलं तर त्याची ओटी भरायची. मी विचारलं, "आत्या, हे आधीच आणून ठेवलंत?"

"दोन येळा घरात ठिवलं हुतं," त्या म्हणाल्या. "म्हनलं ह्या येळंला हितंच आनून ठिवावं. त्याला दिसूंद्या."

यंत्र सुरू झालं. कॉम्प्रेसरचा आवाज असा की शेजारच्या माणसाशी हातानेच बोलावं लागतं. धुराळ्याचा लोट खाचरांवरून सरकत गेला. साठ फूट, करडा. शंभर, करडा. दत्तोबा दर रॉडला येऊन वाकून बघत आणि परत जात. दीडशेच्या पुढे लाल माती आली. मुत्तूने ती चोळली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, जशी काही मला त्याच्यापेक्षा जास्त समजते. दुपारची भाकरी झाली. आत्यांनी खाल्ली नाही. मीही इकडे-तिकडे न हिंडता भोकाजवळच उभा राहिलो, कारण मला कळत होतं की खाली फुटामागून फूट या बाईचं घर चाललंय.

दोनशेच्या थोडं पुढे धुराळा बसला. चुरा ओला झाला, त्याचे गोळे होऊन पडू लागले. आणि मग एकदम खालून गुरगुर आली, जमीन पायाखाली थरथरली आणि लालसर पाण्याचा खांब माणसाच्या दुप्पट उंच उसळला.

माझा हात वर गेला. मूठ आवळलेली, मग गळ्यावरून आडवी. "बंद!" मी ओरडलो. मुत्तूने माझ्याकडे पाहिलं आणि कॉम्प्रेसर बंद केला.

त्या क्षणी मी काय विचार करत होतो असं मला पुष्कळांनी विचारलं. मी विचार करतच नव्हतो. अकरा वर्षं माझ्या हाताला एकच शिकवलेलं होतं: खालून काही आपणहून वर यायला लागलं की आधी बंद करायचं, मग काय आहे ते बघायचं. तेलविहिरीत तो वायू असतो, दाब असतो, आणि मिनिटभर उशीर झाला तर रिग जळते. मी माझ्या माणसांकडून याची इतकी उजळणी करून घेतली होती की झोपेतही हात वर गेला असता. मी त्या हाताचा अभिमान बाळगून होतो.

पाण्याचा खांब खाली बसला. खोऱ्यात शांतता झाली आणि लांब कुठेतरी भारद्वाज ओरडत होता तो ऐकू यायला लागला. आत्या ताट घेऊन अर्ध्या वाटेत उभ्या होत्या. मुत्तूने घाईने पुन्हा हवा सोडली, रॉड फिरवायला गेला, पण रॉड फिरेना. बंद केल्याबरोबर वरचा सगळा चुरा आणि ती फुगणारी लाल माती सरकून बिटवर बसली होती. बोअरमधे पाणी होतं आणि त्याच्या तोंडात मी बूच मारलं होतं.

"क्यों बंद किया, साब?" मुत्तूने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. "हमारा उल्टा है," तो म्हणाला. "पानी आया तो बंद नहीं करना. और चलाना."

दत्तोबा मात्र तापले. "अवो सायेब, दोन बोअरी देवानं घालवल्या, ही तुमी घालवली." आत्यांनी ताट पुन्हा बांधावर नेऊन ठेवलं आणि पदराने झाकलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

मुत्तू रॉड वर ओढायला निघाला. सगळेच तसं करतात, अडकलं की ओढतात. आणि इथे माझ्या कामाची एक गोष्ट मला नक्की माहीत होती. अकरा वर्षांत मी अडकलेले पाइप सोडवण्यात जितका वेळ घालवला, तितका तेल काढण्यात घालवला नाही. मी त्याला म्हटलं, ओढू नको, रॉड तुटेल. खाली दे. जरा खाली, थोडी हवा, जरा फिरव, पुन्हा खाली. तो म्हणाला, मग साबण लागेल. हे मला नवीन होतं. आत्यांच्या घरातून कपड्यांची पावडर आणली, बादलीत कालवली आणि रॉडमधून आत सोडली. फेसाने चुरा उचलला जातो म्हणे. आमच्याकडे याच कामाला एक महागडं रसायन परदेशातून यायचं. मी रॉडला तळहात लावून उभा राहिलो आणि खालचं काय कळतंय ते मुत्तूला सांगत राहिलो. चार तास. वीतभर हलला, मग हातभर. उन्हं डोंगराआड गेली तेव्हा रॉड एकदम सैल झाला, मुत्तूने हवा पूर्ण सोडली आणि भोकातून आधी फेस आला, मग लाल चिखल, मग गढूळ पाणी आणि मग पाणी.

माझा हात पुन्हा वर जाऊ पाहत होता. मी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

अडीच इंची पाणी लागलं. आत्या नखशिखांत भिजल्या आणि तशाच त्यांनी ओटी भरली, यंत्राला कुंकू लावलं, मुत्तूला लावलं. मग माझ्यासमोर आल्या. मी म्हटलं, आत्या, मला नको, मी तर बुजवत होतो. "व्हय, बुजवतच हुता," त्या म्हणाल्या आणि कुंकू लावलं. मला रडू आलं. पाण्याने सगळ्यांचेच चेहरे ओले होते म्हणून निभावलं.

चहा झाला. गाडीवरचे लोक रॉड उतरवून ठेवत होते. आत्या केस पुसत माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या दिवशी माझ्याइतक्या चौकस तिथे त्याच एकट्या होत्या.

"तिकडं वाळवंटात तेल काढायच्या आदी पानी लागतंय का?"

"लागतं की. बहुतेक विहिरींत लागतं. वरच्याच थरात. काही ठिकाणी गोडं असतं."

"मंग त्याचं काय करता?"

"बंद करतो. लोखंडी पाइप घालतो आणि मागे सिमेंट भरतो. म्हणजे खालचं तेल त्यात मिसळत नाही, पाणी खराब होत नाही. नियमच आहे तसा."

त्यांना पटलं असावं, कारण मान डोलावली. मग म्हणाल्या, "बरूबर हाय. पन तितली मानसं पानी कुटनं आनत्यात?"

मला दिसत होत्या त्या आमच्या तारेच्या कुंपणापलीकडून रोज जाणाऱ्या बायका. डोक्यावर दोन-दोन घागरी, आमच्याकडे पाठ करून लांब जाणारी रांग. चार वर्षं मी त्या पाहिल्या होत्या. त्यांच्या घागऱ्यांचे रंग मला आवडायचे. खड्डा दिसला की वाकून बघणारा मी, त्या कुठे जातात हे मी एकदाही विचारलं नव्हतं. आणि त्याच कुंपणाच्या आत, माझ्या सहीच्या प्रत्येक अहवालात, गोडं पाणी किती फुटांवर लागलं ते लिहिलेलं होतं.

"विचारलं नाही कधी," मी म्हणालो.

"इचारा की मंग," आत्या म्हणाल्या आणि ताट विसळायला नव्या पाण्याकडे गेल्या.

दिवाळीच्या आधी कंपनीचा फोन आला. भाव पुन्हा वर चढले होते, रिग यार्डातून निघत होती. विद्याने बॅग भरली. मी तिकडे पोचलो आणि पहिल्या आठवड्यात जुन्या फायली काढल्या. साहेब लोकांना विचारलं, ही माहिती गावाला दिली तर चालेल का? त्यांनी आश्चर्याने विचारलं, आपण आजवर दिली नव्हती? कुणाची हरकत नव्हती. कुणाची कधीच हरकत नव्हती. मी जवळच्या वस्त्यांपुरता एक कागद तयार केला, कुठे किती फुटांवर गोडं पाणी आहे ते लिहिलं आणि सरपंचांच्या हातात दिला. ते म्हणाले, मशीन मागवतो, बघू कधी येतं.

परत येताना मी गाडी कुंपणाबाहेर थांबवली. बायकांची रांग येत होती. पुढची म्हातारी, आत्यांच्याच वयाची. मी तिला हिंदीत सांगितलं की तुमच्या वस्तीजवळच, आमच्या पहिल्या विहिरीपाशी, तीनशे फुटांवर गोडं पाणी आहे. तिने घागर खाली ठेवली. पलीकडच्या मनोऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आपको कब से मालूम है?"

"चार साल से," मी म्हणालो.

तिने घागर उचलून डोक्यावर ठेवली आणि चालू लागली. पाणी आणायला तिला अजून दोन कोस जायचं होतं.